खोकणाऱ्याकडे आपण असं का बघतो? थुंकी, थेंब आणि हवा यांचा हिशेब

मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की रिंगच्या जागी आधी खोकल्याची उबळ ऐकू यायची आणि मग कोरोनाबद्दलची सरकारी सूचना. त्याच महिन्यात कोल्हापुरात एका दुचाकीस्वाराला तोंडावर रुमाल न धरता शिंकला म्हणून भर रस्त्यात मारहाण झाली. एप्रिलमध्ये ग्रेटर नोएडाजवळच्या एका गावात ल्युडो खेळताना खोकला म्हणून एकावर गोळी झाडल्याची बातमी आली.

आता याच्या शेजारी एक जुनं चित्र ठेवा. आपल्याकडच्या जुन्या घरांत वडीलधारा पुरुष माजघरात शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबून खाकरायचा. आतल्या लेकीसुनांनी सावरून बसावं, पदर नीट घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. न खाकरता आत शिरणं हा उद्धटपणा होता. घशातून येणारा आवाज जवळपास तोच, पण एका काळी ती रीत आणि दुसऱ्या काळी तो गुन्हा.

हे कसं झालं? "साथ आली, लोक घाबरले" हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. क्षयरोग, म्हणजे टीबी, शतकानुशतकं माणसं मारत होता, आणि तरीही बऱ्याच ठिकाणी खोकणाऱ्या माणसाकडे धोका म्हणून कुणी बघत नव्हतं. या लेखात मी टीबीच्याच वाटेने जाणार आहे. माझा मुद्दा असा: खोकणाऱ्याकडे बघण्याची आपली नजर बऱ्याच अंशी त्या-त्या काळच्या प्रयोगाने घडवली. ज्या उपकरणाला जे पकडता आलं, समाजाने त्यालाच आरोपी केलं. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी यात शिकण्यासारखं बरंच आहे.

जंतूंच्या आधी

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. मध्ये पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याआधी इंग्लंड, उत्तर युरोप, अमेरिका इथे क्षय म्हणजे नाजूक प्रकृती, घराण्याचा दोष, वाईट हवामान असं मानलं जाई. डॉक्टर सल्ला देत तो हवापालटाचा आणि समुद्रप्रवासाचा. अशा चौकटीत खोकणारा माणूस दयेचा विषय होतो, भीतीचा नाही.

पण सरसकट विधान करायच्या आधी उलटं उदाहरण शोधावं. ते इथे लगेच सापडतं. स्पेन आणि इटलीच्या काही भागांत क्षय संसर्गजन्य आहे असं जंतू सापडण्याच्या कितीतरी आधीपासून मानत. १८३८ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपॅं आणि लेखिका जॉर्ज सॅंड मायोर्का बेटावर राहायला गेले. त्यांचा खोकला ऐकून आणि निदान कळल्यावर घरमालकाने त्यांना बाहेर काढलं आणि अंथरूण-पांघरुणाची भरपाईही मागितली. म्हणजे भीती जंतूंनी निर्माण केली असं म्हणता येत नाही. जंतुशास्त्राने काय केलं, तर त्या भीतीला पत्ता दिला. नेमकं कशाला घाबरायचं ते सांगितलं, आणि हा पत्ता पुढे तीनदा बदलला.

पहिला पत्ता: थुंकी

कॉख यांचे सहकारी गेओर्ग कोर्नेट यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रयोग केला. क्षयरोगी राहत असलेल्या खोल्यांतली, इस्पितळांच्या भिंतींवरची धूळ गोळा केली आणि ती गिनीपिगांना टोचली. बऱ्याच प्राण्यांना क्षय झाला. निष्कर्ष असा निघाला, की रोग्याची थुंकी वाळते, तिची धूळ होते आणि ती धूळ श्वासातून आत जाते. रोग्याचा श्वास मात्र निर्धोक.

प्रयोग नीट बघा. धूळ गोळा केली, तर धुळीतच जंतू सापडणार. हवा तपासायचं साधन हाताशी नव्हतं, त्यामुळे हवा निर्दोष सुटली.

याचे सामाजिक परिणाम लगेच दिसले. आरोपी ठरला तो थुंकणारा, खोकणारा नव्हे. १८८९ मध्ये फाल्केनश्टाइनच्या आरोग्यधामाचे डॉ. पेटर डेटवायलर यांनी खिशात ठेवायची निळ्या काचेची झाकणबंद बाटली आणली. तिला लोक 'निळा हेन्री' म्हणू लागले. रोग्याने त्यात थुंकावं आणि खुशाल चारचौघांत वावरावं. १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर बंदी घातली. त्यामागचे डॉ. हर्मन बिग्ज यांनी १८९७ मध्ये प्रत्येक क्षयरोग्याची नोंद खात्याला कळवणं डॉक्टरांना सक्तीचं केलं. डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. नाव नोंदलं गेलं की रोग्याची नोकरी जाईल, विमा जाईल, ही भीती खरी होती. जमिनीवर लोळणारे बायकांचे घोळदार झगे रस्त्यावरची थुंकी घरात आणतात, अशीही ओरड झाली.

त्या निळ्या बाटलीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती काढली होती रोग्याला समाजात राहता यावं म्हणून. पण चारचौघांत ती खिशातून काढणारा माणूस कोण, हे सगळ्यांनाच कळे. त्यामुळे कितीतरी रोगी ती वापरायला तयार नसत. जो काळजी घेतो तोच उघडा पडतो. काळजीची वस्तूच ओळखीचा शिक्का होते. पुढे मास्कच्या बाबतीत आपण हेच पुन्हा पाहिलं.

या काळाचा ठसा आपल्याकडे आजही आहे. सरकारी कचेरीच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' ही पाटी असतेच. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम ११६ नुसार अशी सूचना लावलेली असताना सरकारी इमारतीत थुंकणं किंवा धूम्रपान करणं मना आहे. 'येथे खोकू नये' अशी पाटी मात्र कुठे दिसत नाही. थुंकणं आवरता येतं, खोकला आवरत नाही, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

दुसरा पत्ता: थेंब

१८९७ च्या सुमारास ब्रेस्लाउ इथे (आताचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) कार्ल फ्लुगे यांनी वेगळा प्रयोग रचला. एका जंतूच्या वसाहती लाल रंगाच्या येतात, म्हणून त्या ओळखायला सोप्या. त्या जंतूचं द्रावण तोंडात घोळवायचं, मग बोलायचं, खोकायचं, शिंकायचं. खोलीत ठिकठिकाणी पोषक माध्यमाच्या उघड्या बशा मांडून ठेवायच्या. बशीत लाल ठिपके उगवले की थेंब तिथवर पोचले. थेंब पोचले होते, नुसत्या बोलण्यानेही. याच शहरातले शल्यचिकित्सक योहान फॉन मिकुलिच यांनी १८९७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधायला सुरुवात केली.

आता आरोप थुंकीवरून तोंडावर आला. पण पुन्हा साधन काय पकडतं ते बघा. उघडी बशी जे खाली पडतं ते पकडते, आणि मोठे थेंब जवळच पडतात. फ्लुगे यांच्या गटाने हवेत बराच वेळ तरंगणारे बारीक थेंबही नोंदवले होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र लक्षात ठेवलं ते जवळ पडणाऱ्या थेंबांचं, म्हणजे मीटर-दोन मीटरचं अंतर.

१९१० मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांचं संसर्गाच्या मार्गांवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं होतं की बहुतेक रोग जवळच्या संपर्काने पसरतात, हवेतून पसरणं जवळपास नगण्य. त्यांचा व्यावहारिक मुद्दाही समजण्यासारखा होता. 'दूषित हवे'च्या जुन्या कल्पनेशी आरोग्य खात्यं पिढ्यानपिढ्या झगडत होती. हवेतूनच रोग येतो असं लोकांना वाटलं, तर हात धुणं, स्वच्छता राखणं हे सगळं व्यर्थ समजून ते सोडून देतील. म्हणजे एका वैज्ञानिक विधानाच्या पोटात लोकांच्या वागण्याबद्दलचा अंदाज दडलेला होता.

थेंबांच्या कल्पनेचं एक मोठं आकर्षण होतं. ती धीर देणारी होती. दोन हात लांब राहा, तोंडावर रुमाल धरा, झालं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात सॅन फ्रान्सिस्कोने मास्क सक्तीचा केला आणि जानेवारी १९१९ मध्ये तिथेच मास्कविरोधी संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने रुमालाशिवाय शिंकणाऱ्याची खिल्ली उडवणारी भित्तिपत्रकं काढली. या सगळ्याचं सूत्र एकच: रोग पसरतो तो कुणाच्या तरी गैरवर्तनामुळे. खोकला हे लक्षण राहिलं नाही, ती वागणूक झाली. आणि वागणूक म्हटली की दोष देता येतो, दंड करता येतो, प्रसंगी थोबाडीतही मारता येते.

तिसरा पत्ता: हवा

विल्यम फर्थ वेल्स यांनी १९३४ मध्ये एक साधा प्रश्न विचारला. थेंब खाली पडत असतानाच वाळतही असतो, मग आधी काय होतं? त्यांच्या गणितानुसार साधारण १०० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब वाळण्याआधी जमिनीवर पोचतात. त्याहून लहान असलेले वाटेतच वाळतात आणि उरलेला कण हवेत तरंगत राहतो. तो खोलीभर फिरतो. तिथे दोन मीटरच्या रेषेला अर्थ उरत नाही.

पण तरंगणाऱ्या कणाने खरंच रोग होतो का, हे दाखवणं अवघड होतं. रिचर्ड रायली आणि वेल्स यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका इस्पितळात ते करून दाखवलं. सहा खाटांच्या क्षयरोग वॉर्डातली हवा नळीवाटे वर एका खोलीत सोडली आणि त्या खोलीत सरासरी दीडशे गिनीपिग ठेवले. रोगी आणि प्राणी यांचा संपर्क फक्त हवेतून. दोन वर्षांत ७१ गिनीपिगांना संसर्ग झाला, महिन्याला सुमारे तीन. पुढच्या टप्प्यात एका गटाला तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन दिली. त्या गटात संसर्ग झाला नाही.

या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष आपल्या विषयासाठी जास्त मोलाचा आहे. बहुतेक संसर्ग मोजक्या रोग्यांकडून आला. पुष्कळ रोग्यांनी, विशेषतः योग्य औषधं सुरू असलेल्यांनी, जवळपास कुणालाच बाधा केली नाही. ते खोकत नव्हते असं नाही. म्हणजे खोकला ऐकू येणं आणि संसर्ग पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

मद्रासचा पुरावा

याच काळातली आपल्या देशातली एक गोष्ट संशोधनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवी. तोवर क्षयावरचा मान्य उपाय म्हणजे आरोग्यधाम. आपल्याकडेही पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी अशी ठिकाणं होती. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न, आणि रोगी गावाबाहेर. हा शेवटचा भाग उपचाराइतकाच समाजाच्या समाधानासाठी होता. पण भारतात रोगी लाखोंनी होते आणि खाटा हजारोंनी.

१९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उघडलं. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. शहरातल्या गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या सुमारे दोनशे रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने वर्षभर घरीच राहून औषधं घ्यायची, दुसऱ्याने आरोग्यधामात. औषधं तीच. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. घरी राहणाऱ्यांचं खाणं निकृष्ट, विश्रांती कमी, खोल्या कोंदट, तरी बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं. आणि घरच्या माणसांचं काय? रोगी घरात ठेवल्याने कुटुंबीयांत क्षयाचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. निदान होईपर्यंत जो संसर्ग व्हायचा तो होऊन गेलेला असतो, औषध सुरू झाल्यावर धोका झपाट्याने घटतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या एका अभ्यासाने जगभरातल्या क्षयोपचाराची दिशा बदलली. आरोग्यधामं ओस पडत गेली. पण वेगळं ताट, वेगळी खोली, मोडलेलं स्थळ, हे सगळं संपलं नाही. पुरावा धोरणात शिरला, पण घराच्या उंबऱ्याशी अडला.

५ मायक्रॉनचा घोळ

मग २०२० उजाडलं. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की कोविड हवेतून पसरत नाही. कारण काय, तर ५ मायक्रॉनपेक्षा मोठे ते थेंब, लहान ते हवेतले कण, अशी सीमारेषा सगळीकडे छापलेली होती. वेल्स तर १०० म्हणत होते. मग हा ५ आला कुठून?

हे शोधून काढण्यात मोठा वाटा होता केटी रँडल या व्हर्जिनिया टेकमधल्या विद्यार्थिनीचा. लिन्सी मार आणि इतर संशोधकांसोबत तिने संदर्भामागून संदर्भ उलगडत नेला. उलगडा असा झाला: क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी खोल भागात पोचला तरच रोग होतो, आणि तिथवर पोचतात ते साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. ही झाली फुप्फुसाची गोष्ट. पुढे कुठेतरी हा आकडा 'हवेत काय तरंगतं' याची व्याख्या म्हणून वापरला जाऊ लागला. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकात मिसळली, आणि पुढची पन्नासेक वर्षं सगळे एकमेकांचे संदर्भ देत राहिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये संघटनेने या आकड्याची भिंत पाडून नवी परिभाषा मांडली.

या घोळाची किंमत फक्त शास्त्रीय नव्हती. थेंबांच्या चौकटीत जबाबदारी खोकणाऱ्यावर येते: तू रुमाल धर, तू लांब बस. हवेच्या चौकटीत प्रश्न इमारतीला विचारला जातो: खिडक्या किती, त्या उघडतात का, हवा तासाला किती वेळा बदलते? पहिल्या प्रश्नाला शाळेचा, लोकलचा, कारखान्याचा मालक उत्तर देत नाही. दुसऱ्याला त्यालाच द्यावं लागतं. कोल्हापूरचा तो मार खाणारा माणूस पहिल्या चौकटीचा बळी होता.

मग खोकला सांगतो तरी काय?

केप टाउन विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षयरोग्यांच्या खोकल्यातून आणि साध्या श्वासातून बाहेर पडणारे जंतू वेगवेगळे मोजले. एका खोकल्यातून जास्त जंतू येतात हे खरं. पण माणूस दिवसाला सुमारे २२,००० वेळा श्वास घेतो आणि खोकतो समजा ५०० वेळा, तर दिवसभराच्या एकूण जंतूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक साध्या श्वासातूनच येत असावेत, असा त्यांचा अंदाज. हा अंदाज त्या ५०० या गृहीतकावर उभा आहे, हे विसरायचं नाही.

भारताच्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. उलट लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठे गेलेच नव्हते. इथे लगेच 'कलंकाच्या भीतीने गेले नाहीत' असं लिहायचा मोह होतो. पण सर्वेक्षणात सर्वांत जास्त सांगितलं गेलेलं कारण होतं लक्षणांकडे दुर्लक्ष. त्यामागे भीती किती आणि सवय किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. जे आकडा सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

तर डब्यात खोकणाऱ्या माणसाकडे डोळे वटारून बघणाऱ्याचा हिशेब दोन्हीकडून चुकतो. खोकणारा दम्याचा, धुळीचा, किंवा उपचार सुरू असलेला असू शकतो. आणि शेजारी शांत बसलेला माणूस न खोकताही जंतू सोडत असू शकतो.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी

या इतिहासातून मी तीन गोष्टी काढते. एक, कुठलाही निष्कर्ष वाचताना आधी विचारा, या साधनाला काय दिसणं शक्यच नव्हतं? कोर्नेटना हवा दिसत नव्हती, उघड्या बशीला तरंगणारे कण नीट दिसत नव्हते.

दोन, सर्वमान्य आकडा दिसला की मूळ लेखापर्यंत जा. तो आकडा तिथे त्याच प्रश्नाचं उत्तर होता का, ते तपासा.

तीन, जुन्या ग्रंथांत आजचं विज्ञान शोधायची घाई करू नका. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांत शोष, म्हणजे क्षय, सांगितलाय आणि मार्गांमध्ये निःश्वासाचा उल्लेख आहे. वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच यादीत एकत्र जेवणं, एका आसनावर बसणं, दुसऱ्याची वस्त्रं आणि माळा वापरणं हेही आहे. ते बारकाईचं निरीक्षण आहे, हवेतल्या कणांचा सिद्धांत नाही. यादीतलं एकच नाव उचललं, तर ५ मायक्रॉनवाल्यांनी केलं तेच आपण करू.

सराव म्हणून एक करून बघा. तुमच्या विषयात सगळे डोळे झाकून वापरतात असा एक आकडा निवडा आणि तो पहिल्यांदा कुणी, कशासाठी मोजला ते शोधा. पंधरा दिवस लागतील. आकडा बरोबर निघाला तरी हे पंधरा दिवस वाया जात नाहीत.